शाही पाककृती छापा, पण आहेत तशा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश राजघराण्याच्या पाककृतींवर दोन पानं आली. बहिणीने त्यांचे फोटो काढून मला पाठवले आणि खाली लिहिलं, 'बघ, तुझ्या राजाचं जेवण आलंय पेपरात.' मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, स्लाउला राहते. विंडसरचा किल्ला इथून इतका जवळ, की घरी पाहुणा आला की पहिल्या सुट्टीला त्याला तिकडे न्यायचं हे ठरलेलंच. पण हे पदार्थ मला किल्ल्यामुळे माहीत नाहीत. निवृत्त होईपर्यंत मी इथल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. राजघराण्यात लग्न, ज्युबिली असं काही असलं की शाळेच्या जेवणात त्या निमित्ताचा पदार्थ व्हायचाच. त्यामुळे यातलं बरंचसं मी मुलांच्या पंगतीसाठी केलंय आणि घरी चार माणसांपुरतंही.

लेख दिसायला देखणा आहे, सोनेरी काठाच्या बशा, झुंबर, सगळं जागच्या जागी. पण 'राज्याभिषेकाची कीश' (कीश म्हणजे मैद्याच्या आवरणात अंडी-क्रीमचं मिश्रण भरून भाजलेला खारा पदार्थ) या पाककृतीपाशी मी थबकले. नावाशेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका, आणि साहित्यात चौथ्या ओळीवर 'लार्ड – २५ ग्रॅम'. पुढे काही खुलासा नाही. संपादक महोदय, लार्ड म्हणजे डुकराची चरबी. इथल्या दुकानात ती बटरच्या शेजारीच, तशाच पांढऱ्या वडीत मिळते. लेख लिहिणाऱ्यांनी राजवाड्याची यादी समोर ठेवून ती मराठीत उतरवली, म्हणजे निदान ती ओळ तरी प्रामाणिक आहे. ठिपका मात्र कोणी लावला कोण जाणे. पाककृतीत दोन अंडीही आहेत, तेव्हा त्या ठिपक्याला तसाही आधार नव्हता.

ही कीश तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी केलेली. तो सोहळा ६ मे २०२३ ला झाला, पाककृती एप्रिलमध्येच जाहीर झाली होती. राजवाड्याचे मुख्य शेफ मार्क फ्लॅनगन यांची ती. लोकांनी गल्लीत टेबलं मांडून एकत्र जेवावं, प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणावं, असा बेत होता, म्हणून गरम आणि गार दोन्ही चालेल, डब्यातून नेता येईल असा पदार्थ निवडला. तिच्यात केशर नाही, काजू नाहीत. १२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम थंड बटर, २५ ग्रॅम लार्ड, दोन चमचे दूध, एवढंच आवरण. आत १२५ मिली दूध, १७५ मिली डबल क्रीम (दाट क्रीम), दोन मध्यम अंडी, १०० ग्रॅम किसलेलं चेडर, १८० ग्रॅम शिजवलेला पालक, ६० ग्रॅम शिजवलेले ब्रॉड बीन्स किंवा सोयाबीन आणि चमचाभर चिरलेला टॅरागॉन. टॅरागॉन हा बडीशेपेच्या अंगाच्या वासाचा पाला आहे. त्याच्याऐवजी तुमच्या लेखात कोथिंबीर आली आहे. घाला बापडी, पण मग पदार्थ निराळा झाला हे एका शब्दाने सांगा.

आता जी गोष्ट कुठल्याच छापील यादीतून कळत नाही ती सांगते. १८० ग्रॅम हे वजन शिजलेल्या पालकाचं आहे. तुमच्या लेखात 'पालक – एक जुडी' आहे. पालक शिजला की मुठीत मावतो, आणि त्यात पाणी किती राहतं हे ज्याने पिळून पाहिलंय त्यालाच माहीत. तो आधी वाफवा, गार होऊ द्या, मग दोन्ही हातांत धरून घट्ट पिळा, पाणी थेंबाथेंबाने यायला लागेपर्यंत. त्यानंतर वजन करा. हे न करता पालक घातला की अंड्याचं मिश्रण फाटल्यासारखं होतं आणि तळाची पोळी ओली राहते. तळ ओला राहू नये म्हणूनच आवरण आधी रिकामं भाजतात: २० सेंटिमीटरच्या साच्यात पोळी बसवायची, वर कागद, कागदावर कोरडं कडधान्य, आणि १९० अंशांवर पंधरा मिनिटं. मग आच १६० वर आणायची, निम्मं चीज तळाला, त्यावर भाजी, वरून मिश्रण, उरलेलं चीज, आणि वीस ते पंचवीस मिनिटं. मधला भाग हलवल्यावर किंचित थरथरला पाहिजे. पूर्ण घट्ट दिसेपर्यंत ठेवली तर बाहेर काढल्यावर ती रबर होते.

आणि लार्ड नको असेल, तर तेवढंच बटर जास्त घ्या, एकूण ५० ग्रॅम. आवरण जरा कमी खुसखुशीत होतं, बाकी काही बिघडत नाही. चीजच्या पुडक्यावर 'शाकाहाऱ्यांसाठी योग्य' असं लिहिलंय का तेही बघावं लागतं, कारण दूध फाडायला काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. मी स्वतः सगळं खाते, त्यामुळे माझं काही अडत नाही. पण बहिणीच्या सासूबाई कटाक्षाने पाळणाऱ्या आहेत आणि त्यांना तो ठिपका दिसला आहे.

दुसरी पाककृती 'कॉरोनेशन चिकन'. तिच्यावर लिहायला मला अर्धं पान पुरणार नाही, कारण या पदार्थाची जितकी विटंबना झाली तितकी दुसऱ्या कशाची झाली नसेल. लेखात बेदाणे आहेत, आंब्याची चटणी आहे, आलं-लसूण आहे, आणि वर 'राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकातली मूळ पाककृती' असं ठोकून दिलंय. मूळ पाककृतीत यांतलं एकही नाही. २ जून १९५३ ला राज्याभिषेक झाला. परदेशी पाहुण्यांच्या जेवणासाठी लंडनच्या कॉर्दों ब्ल्यू पाकशाळेच्या रोझमेरी ह्यूम आणि त्यांच्या सहकारी कॉन्स्टन्स स्प्राय यांनी हा पदार्थ बसवला. स्प्रायबाई मुळात फुलांच्या सजावटीसाठी प्रसिद्ध, राज्याभिषेकाची फुलंही त्यांच्याकडेच होती. जेवण वेस्टमिन्स्टर शाळेच्या सभागृहात, पाहुणे साडेतीनशेच्या आसपास, आणि वाढायला पाकशाळेच्या विद्यार्थिनी. आधी करून ठेवता येईल, गारच वाढता येईल, असं काहीतरी हवं होतं. म्हणून हे.

कोंबडी गाजर, मिरे आणि सुगंधी पाल्याच्या जुडीबरोबर पाण्यात, थोड्या वाइनमध्ये, मंद आचेवर शिजवायची आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. गरम असताना बाहेर काढली की ती कोरडी पडते, आणि पुढे तिच्यावर कितीही सॉस ओता, उपयोग नाही. सॉससाठी चमचाभर तेलात ५० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा, तो मऊ झाला की दोन लहान चमचे करी पावडर, आणि ती मिनिट-दोन मिनिटं परतायची. इंग्रज स्वयंपाकात मसाला कच्चाच क्रीममध्ये टाकायची खोड फार. ह्यूमबाईंनी तो तेलात परतला, इथेच मी त्यांना मानलं. मग टोमॅटोची प्युरे, पेलाभर तांबडी वाइन, थोडं पाणी, तमालपत्र, मीठ, साखर, लिंबाच्या चकत्या. पाच-दहा मिनिटं उकळून गाळून घ्यायचं. हे गाळणं महत्त्वाचं, सॉसमध्ये कांद्याचा कणही राहत नाही. गार झाल्यावर ते साडेचारशे मिली मेयोनेझमध्ये हळूहळू मिसळायचं, त्यात एक-दोन चमचे जर्दाळूची प्युरे आणि शेवटी दोन-तीन चमचे हलकं फेटलेलं क्रीम. रंग फिका, जरासा गुलाबी झाकेचा येतो. आज सँडविचमध्ये जो हळदीचा पिवळाधमक चिखल भरून मिळतो तो नाही.

साडेचारशे मिली मेयोनेझला करी पावडर फक्त दोन लहान चमचे, हे वाचून आपल्याकडच्या कोणालाही हसू येईल. मलाही आलं होतं. पण करून खाल्लं तर कळतं की मसाला इथे मागून येतो, घास गिळल्यावर. त्यात लसूण घातली की बाकी सगळं मेलंच. तसाही राजवाड्याचा आणि लसणीचा छत्तीसचा आकडा. आजच्या राणी कॅमिला यांनी २०१८ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं होतं की लसूण वर्ज्य. कारण उघड आहे, दिवसभर माणसांना भेटायचं, बोलायचं असतं. शाळेत आम्ही बेदाणे घालायचो, मुलांना आवडतात म्हणून. पण ते आम्ही १९५३ ची पाककृती म्हणून खपवलं नाही.

आणि एक. त्या काळाबद्दल लेखात 'ऐश्वर्याची परिसीमा' असे शब्द आहेत. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धातलं रेशनिंग अजून चालू होतं. साखर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोकळी झाली आणि मांसावरचं रेशन जुलै १९५४ ला उठलं. राज्याभिषेकानिमित्त माणशी एक पौंड साखर आणि चार औंस मार्गारीन जादा दिलं, तेही लोकांनी आनंदाने घेतलं. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा शाळकरी होत्या. त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, सगळी गल्ली तिथे जमली, आणि खायला माशांच्या पेस्टची सँडविचेस आणि जेली. कॉरोनेशन चिकन हे नाव त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकलं. हे मी त्यांना मुद्दाम विचारून लिहितेय, कारण 'त्या दिवशी घरोघरी हाच पदार्थ शिजला' असं वाक्य तुमच्या लेखात आहे.

लेखात जे नाही त्याबद्दल लिहिते, कारण घरी करून बघायचं तर मी सगळ्यांत आधी तेच सुचवेन. ऑगस्ट १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर स्कॉटलंडमध्ये बालमोरलला राणीकडे पाहुणे होते. तिथे त्यांना ड्रॉप स्कोन, म्हणजे तव्यावरचे छोटे जाडसर पॅनकेक, आवडले. कृती पाठवते असं राणीने कबूल केलं आणि राहून गेलं. पुढे वर्तमानपत्रात आयसेनहॉवर लावे भाजत उभे आहेत असा फोटो तिने पाहिला, आठवण झाली, आणि २४ जानेवारी १९६० ला तिने पत्र लिहून कृती धाडली. ते पत्र अमेरिकेच्या सरकारी दफ्तरात आहे, कोणालाही बघता येतं. राजघराण्याच्या स्वयंपाकाचा याहून खात्रीचा कागद घरच्या माणसाला मिळायचा नाही.

चार चहाचे कप मैदा, चार मोठे चमचे साखर, दोन कप दूध, दोन अंडी, दोन लहान चमचे खायचा सोडा, तीन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर (सोड्याबरोबर वापरायची आंबट पूड), दोन मोठे चमचे वितळलेलं बटर. सोळा माणसांसाठी. मी पुढे ग्रॅमचा आग्रह धरणार आहे आणि राणी कपाने मोजते, याची मला कल्पना आहे. तिचं प्रमाण एकाच कपाचं आहे, त्यामुळे चालून जातं. अंडी, साखर आणि निम्मं दूध फेटायचं, मग मैदा, मग लागेल तसं उरलेलं दूध, सोडा आणि टार्टर, शेवटी बटर. पत्रात तिने दोन सूचना केल्या आहेत: भरपूर फेटा, आणि मिश्रण भाजण्याआधी फार वेळ ठेवू नका. दुसरी सूचना अनुभवाची आहे. सोडा आणि टार्टर ओले झाले की लगेच हवा सुटायला लागते. ती हवा पातेल्यातच गेली तर तव्यावर काय फुगणार? म्हणून तवा आधी तापवून घ्यायचा आणि नंतर सोडा घालायचा. जाड बुडाच्या तव्यावर बटरचा बोळा फिरवा, चमच्याने मिश्रण वरून सोडा, पसरवू नका. घावनासारखी वर छिद्रं पडायला लागली, कडा कोरड्या दिसल्या, की उलटा. दुसरी बाजू पहिलीच्या निम्म्या वेळात होते. पहिला घाणा फेकायची तयारी ठेवा, तव्याची आच त्याच्यावरच कळते. माणसं कमी असली तर मैदा आणि दूध कमी घ्या, असंही ती लिहिते, आणि साखरेऐवजी गोल्डन सिरप किंवा काळी काकवी घालून पाहिली तर तेही छान लागतं, असं सांगते. कृती स्वतः करून बघणाऱ्या बाईचं हे लिहिणं आहे.

व्हिक्टोरिया स्पंजबद्दल थोडक्यात. तुमच्या कृतीत तेल, कंडेन्स्ड मिल्क, वर स्ट्रॉबेरीचा डोंगर. बिनअंड्याचा केक म्हणून तो चांगला असेलही. पण राजवाड्याच्या पेस्ट्री शेफनी २०२० मध्ये, बागेतल्या मेजवान्या रद्द झाल्या तेव्हा, आपली कृती लोकांसाठी दिली होती: तीन अंडी आणि बटर, साखर, सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा प्रत्येकी १५० ग्रॅम, जरासा व्हॅनिला. यामागे जुनी रीत आहे. अंडी कवचासकट तोलायची आणि बाकी तीन जिन्नस त्याच वजनाचे घ्यायचे. तराजू असला की पुस्तक लागत नाही. हा केक 'राणी व्हिक्टोरियाने शोधला' असं तुम्ही लिहिलंय. राणीने केक शोधला नाही. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर तयार केली (कस्टर्ड पावडरचा बर्ड तोच), त्यामुळे बटर असलेला जड केक असा फुगू लागला. आत काय भरायचं यावर इथे भांडणं होतात. राजवाडा जॅम आणि बटरक्रीम दोन्ही भरतो. गावोगावच्या वुमेन्स इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे इथल्या महिला मंडळांच्या, स्पर्धेत मात्र फक्त रास्पबेरीचा जॅम आणि वर बारीक साखर. म्हणजे राजाच्या शेफने तिथे केक मांडला तर तो बाद ठरेल, याचं मला फार समाधान वाटतं.

राजवाड्यातल्या सरकारी मेजवान्यांचे मेनू आजही फ्रेंचमध्ये छापतात. त्या मेजवान्या घरी करायच्या नसतातच, त्यामागे शेफची अख्खी फळी उभी असते. सोनेरी ताटांचे फोटो त्या मेजवान्यांचे आणि कृती या घरगुती पदार्थांच्या, अशी सरमिसळ लेखात झाली आहे. मग वाचकाला वाटतं, एवढ्या साध्या कृतीत काहीतरी राहिलंय, आणि तो आपल्या पदरचं केशर घालतो.

शेवटचा मुद्दा पुढच्या अंकासाठी. लेखाखाली 'पुढील भागात: शाही ख्रिसमस पुडिंग' असं आहे. १९२७ मध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या शेफची पुडिंगची कृती जाहिरातीसारखी छापली होती, प्रत्येक जिन्नस साम्राज्यातल्या कुठल्या भागातून घ्यायचा त्याच्या नावासकट. दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. भारताच्या वाट्याला पुडिंगचा मसाला आला होता. ही कृती मिळवून छापलीत तर वाचायला मजा येईल. पण तिच्यात सूएट आहे, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ती लार्डसारखी नुसती 'सूएट' म्हणून छापून जाऊ नये. इथे वनस्पती तेलापासूनचं सूएट मिळतं, तेच मी घालते, आणि पुडिंग कित्येक तास वाफवायचं असल्यामुळे खाणाऱ्याला फरक कळत नाही. २०२२ च्या प्लॅटिनम ज्युबिलीचं लिंबाचं ट्रायफल घेणार असाल, तर त्याची जेली जिलेटिनवर धरलेली आहे, आणि जिलेटिन जनावरांपासूनचं असतं, तेही लिहा.

माझी मागणी एवढीच. पुढच्या रविवारी एक चौकट द्या. कीशवरचा हिरवा ठिपका मागे घ्या आणि लार्ड म्हणजे काय ते सांगा. चिकनमधले बेदाणे, चटणी आणि लसूण ही तुमच्या लेखकांची भर आहे असं लिहा. इथून पुढे प्रमाण ग्रॅममध्ये द्या, आणि शिजवण्याआधीचं की नंतरचं तेही. बदल खुशाल करा, पण केलेला बदल शेजारी छापा.

कळावे,
आपली एक वाचक,
स्लाउ, इंग्लंड

ता. क. – लेखात ओव्हनचं तापमान सगळीकडे एकच दिलंय. आत पंखा असलेलं ओव्हन असेल, तर इथल्या पाकपुस्तकांत साधारण २० अंश कमी धरतात. मी वर दिलेले आकडे पंखा नसलेल्या ओव्हनचे समजा.